परदेशांचे पोलादशुल्क, दिल्लीचे उत्तर आणि डिचोलीचे खनिज

अमेरिकेने ४ जून २०२५ पासून आयात पोलादावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. युरोपीय महासंघाने त्याच वर्षी आपली पोलाद बाजारपेठ आणखी आवळण्याचा प्रस्ताव मांडला. गोव्यातून अमेरिकेला पोलादाच्या लाद्या जात नाहीत, मग या बातम्यांशी डिचोली आणि पेडणे तालुक्यांचा संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा संबंध अनेक टप्प्यांचा असला, तरी खरा आहे. डिचोलीचे लोहखनिज, आमोण्याचे पिग आयर्न, तुये औद्योगिक वसाहतीत येणारा पोलादी पत्रा आणि मांडवीतून जाणारी बार्ज ही सर्व एकाच साखळीची कडी आहेत. परदेशी शुल्काचा धक्का या साखळीत कुठून शिरतो, त्यावर केंद्र सरकार कोणती उत्तरे देते आणि त्या उत्तरांचा भार शेवटी कोणावर पडतो, याची ही माहिती. लेखातील दर व निर्णय डिसेंबर २०२५ अखेरपर्यंतचे आहेत.

खनिजापासून पोलादापर्यंत

लोहखनिज, कोक आणि चुनखडी झोतभट्टीत वितळवली की पिग आयर्न मिळते. त्यातील अतिरिक्त कार्बन काढला की पोलाद तयार होते. पोलादाचे पत्रे, सळ्या, पाइप होतात आणि त्यांपासून यंत्रांचे भाग, फर्निचर व घरगुती उपकरणे बनतात. पिग आयर्नचा दुसरा मोठा ग्राहक म्हणजे फाउंड्री. कोल्हापूर आणि बेळगाव ही गोव्याच्या शेजारची दोन मोठी फाउंड्री केंद्रे असून तेथील ओतीव भाग मोटारी, पंप आणि शेतीयंत्रांसाठी देशात वापरले जातात व परदेशीही पाठवले जातात.

या साखळीची पहिली दोन कडी डिचोली तालुक्यात आहेत. शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव, बोर्डे, कुडणे, सुर्ला, अडवलपाल या परिसरात लोहखनिजाचे साठे आहेत. मांडवीच्या काठी आमोणा येथे वेदांताचा, म्हणजे पूर्वीच्या सेझा गोवाचा, पिग आयर्न कारखाना आहे. खुल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पिग आयर्नच्या देशातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत त्याची गणना होते.

गोव्याच्या खनिजाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील कमी लोहांश. यातील बहुतेक खनिज ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोहांशाचे आहे. ओडिशा व छत्तीसगढमध्ये उच्च प्रतीचे खनिज उपलब्ध असल्याने देशातील पोलाद कारखान्यांनी गोव्याच्या खनिजाला फारशी मागणी केली नाही. त्यामुळे पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या काळापासूनच ते जहाजावर चढत आले. प्रथम जपान हा त्याचा मुख्य ग्राहक होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती जागा चीनने घेतली. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून, कर्नाटकातील खनिज धरून, ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले.

शुल्कांची ओळख

बातम्यांत येणारी शुल्के एकाच जातीची नसतात. आयातशुल्क हे बाहेरून येणाऱ्या मालावर, तर निर्यातशुल्क हे देशाबाहेर जाणाऱ्या मालावर आकारले जाते. अचानक वाढलेल्या आयातीमुळे देशी उद्योगास गंभीर इजा होत असल्यास तात्पुरते लावले जाते ते सुरक्षा शुल्क. एखाद्या देशाचा माल त्याच्या स्वतःच्या बाजारातील दरापेक्षा स्वस्तात बाहेर विकला जात असेल, तर त्याला व्यापाराच्या परिभाषेत डंपिंग म्हणतात आणि त्यावर डंपिंगविरोधी शुल्क बसते. डिचोलीत ‘डंप’ म्हणजे खाणीशेजारी रचलेला टाकाऊ वा कमी प्रतीच्या खनिजाचा ढीग. दोन्ही शब्द एकाच इंग्रजी मुळातून आले असले, तरी त्यांचा परस्परांशी संबंध नाही. शेवटचा प्रकार प्रत्युत्तर शुल्काचा. एका देशाने लावलेल्या शुल्काची भरपाई म्हणून दुसरा देश त्याच्या मालावर जे शुल्क लावतो, ते प्रत्युत्तर शुल्क.

अमेरिकेचे कलम २३२

अमेरिकेच्या १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातील कलम २३२ अन्वये, एखाद्या वस्तूच्या आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेस धोका असल्याचे ठरल्यास अध्यक्ष त्या आयातीवर निर्बंध घालू शकतात. या कलमाचा आधार घेऊन डोनाल्ड ट्रम्प यांनी ८ मार्च २०१८ रोजी पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क जाहीर केले. ते २३ मार्चपासून लागू झाले. दक्षिण कोरिया, ब्राझील, अर्जेंटिना यांना ठरावीक कोट्याच्या बदल्यात सवलत मिळाली. भारताला मिळाली नाही.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कार्यकाळात १२ मार्च २०२५ पासून सर्व देशांच्या सवलती रद्द होऊन सरसकट २५ टक्के शुल्क लागू झाले आणि ४ जूनपासून ते ५० टक्के झाले. ब्रिटनसाठी मात्र २५ टक्क्यांचा दर कायम राहिला. त्याहून दूरगामी बदल व्याप्तीत झाला. जूनमध्ये शीतकपाटे, धुलाईयंत्रे यांसारखी पोलाद वापरलेली उपकरणे या शुल्काखाली आली आणि ऑगस्टमध्ये आणखी ४०७ वस्तुगट जोडले गेले. अशा वस्तूंवर हे शुल्क त्यांतील पोलादाच्या मूल्यापुरते आकारले जाते.

भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या कच्च्या पोलादी मालाचे प्रमाण तुलनेने कमी आहे. पाइप, नट-बोल्ट, ओतीव भाग, जोडणीचे साहित्य अशा तयार वस्तूंची निर्यात त्याहून पुष्कळ मोठी आहे. म्हणून या शुल्काचा पहिला आघात मोठ्या पोलाद कारखान्यांपेक्षा लहान व मध्यम अभियांत्रिकी उद्योगांवर होतो. तेथून तो मागे सरकत फाउंड्रीकडे, पिग आयर्नकडे आणि अखेरीस खनिजाकडे येतो.

केंद्र सरकारची उत्तरे

परदेशी शुल्काला तोंड देण्यासाठी भारताने आजवर पाच मार्ग वापरले. प्रत्येक मार्गाचा लाभार्थी वेगळा आहे.

पहिला मार्ग जागतिक व्यापार संघटनेतील तक्रारीचा. मे २०१८ मध्ये भारताने अमेरिकेच्या शुल्काविरुद्ध तेथे वाद दाखल केला. अमेरिकेने प्रत्येक वेळी राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा पुढे केला आणि हा विषय संघटनेच्या कक्षेत येत नसल्याचे सांगितले. चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड व तुर्कस्तान यांनी दाखल केलेल्या अशाच वादांत डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञ समित्यांनी अमेरिकेच्या विरोधात निष्कर्ष दिले, तरी शुल्क हटले नाही. संघटनेचे अपील मंडळ सदस्यांअभावी २०१९ च्या अखेरपासून ठप्प असल्याने अशा निर्णयांना अंतिम स्वरूप येत नाही.

दुसरा मार्ग प्रत्युत्तराचा. अमेरिकेच्या शुल्काला राष्ट्रीय सुरक्षेचे नाव असले, तरी ते प्रत्यक्षात सुरक्षा शुल्कच आहे, अशी भूमिका भारताने घेतली. सुरक्षा शुल्काविषयीच्या करारानुसार बाधित देशाला भरपाई न मिळाल्यास तेवढ्याच मूल्याच्या सवलती मागे घेता येतात. जून २०१८ मध्ये भारताने अशी यादी अधिसूचित केली, मात्र वाटाघाटींसाठी तिची अंमलबजावणी अनेकदा पुढे ढकलली. अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताच्या काही मालाला मिळणारी प्राधान्य शुल्कसवलत काढून घेतली आणि १६ जूनपासून भारताने २८ अमेरिकी वस्तूंवर वाढीव शुल्क लागू केले. यादीत सफरचंद, बदाम, अक्रोड, हरभरा, मसूर यांचा समावेश होता. सफरचंदावरील शुल्क ५० वरून ७० टक्के झाले. पोलादाच्या वादात फळे कशी आली, याचे उत्तर राजकारणात आहे. प्रत्युत्तरासाठी असा माल निवडला जातो, ज्याचे उत्पादक समोरच्या देशात आवाज उठवू शकतात आणि जो आपल्याला अन्य देशांतून मिळू शकतो.

तिसरा मार्ग तडजोडीचा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या जून २०२३ मधील अमेरिका दौऱ्याच्या वेळी दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतील सहा वाद परस्पर संमतीने मिटवले. भारताने सफरचंद, अक्रोड, बदाम आदींवरील अतिरिक्त शुल्क मागे घेतले. अमेरिकेने भारतीय पोलादासाठीच्या ७० टक्के आणि ॲल्युमिनियमसाठीच्या ८० टक्के सूट-अर्जांना मान्यता देण्याची तयारी दाखवली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने सूट देण्याची ही पद्धतच बंद केल्याने तडजोडीतून मिळालेला भाग गेला. मे २०२५ मध्ये भारताने पुन्हा प्रत्युत्तराचा हक्क जागतिक व्यापार संघटनेला कळवला आणि शुल्क दुप्पट झाल्यावर जुलैमध्ये त्यातील रक्कम वाढवली. प्रत्यक्ष प्रत्युत्तर शुल्क मात्र डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत लावले गेले नाही, कारण त्याच वेळी द्विपक्षीय व्यापार कराराची बोलणी चालू होती.

चौथा मार्ग देशी बाजारपेठेला कुंपण घालण्याचा. अमेरिकेचे दार बंद झाले की चीन, दक्षिण कोरिया, जपान, व्हिएतनाम यांचे पोलाद दुसरा ग्राहक शोधते आणि भारताची बाजारपेठ वाढती असल्याने ते इकडे वळते. जगात पोलाद उत्पादनात दुसऱ्या क्रमांकावर असूनही २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत भारताची तयार पोलादाची आयात निर्यातीपेक्षा जास्त राहिली. यापूर्वी २०१५ च्या सप्टेंबरात सुरक्षा शुल्क आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये १७३ पोलादी वस्तूंवर किमान आयात किंमत लावून सरकारने असाच ओघ रोखला होता. या वेळी व्यापार उपाय महासंचालनालयाच्या शिफारशीवरून २१ एप्रिल २०२५ रोजी सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्क लागले. डिसेंबरच्या अखेरीस ते तीन वर्षांसाठी निश्चित झाले: पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के.

पाचवा मार्ग निर्यातदाराला हात देण्याचा. निर्यात मालात दडलेल्या करांचा परतावा देणाऱ्या रोडटेप योजनेत लोखंड व पोलाद यांचा समावेश १५ डिसेंबर २०२२ पासून झाला. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांच्या सहा वर्षांच्या निर्यात प्रोत्साहन मिशनला आणि निर्यातदारांना २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या अतिरिक्त कर्जासाठी हमी देणाऱ्या योजनेला मंजुरी दिली.

युरोपची वेगळी तऱ्हा

अमेरिकेचे शुल्क दिसते तरी सरळ. युरोपचा मार्ग अधिक गुंतागुंतीचा आहे. युरोपीय महासंघाने २०१८ पासून पोलादावर कोटा पद्धत ठेवली असून कोट्याबाहेरच्या मालावर २५ टक्के शुल्क घेतले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने शुल्कमुक्त कोटा सुमारे ४७ टक्क्यांनी घटवून वर्षाला १ कोटी ८३ लाख टनांवर आणण्याचा आणि त्याबाहेरील शुल्क ५० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला.

याखेरीज कार्बन सीमा समायोजन यंत्रणा आहे. उत्पादन करताना हवेत किती कार्बन सोडला गेला, यावर आधारित हा आकार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती देण्याचा टप्पा सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ हा प्रत्यक्ष आर्थिक दायित्वाच्या टप्प्याचा प्रारंभदिन ठरला. कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीतून कार्बन उत्सर्जन अधिक होते. भारतातील पोलाद मोठ्या प्रमाणात याच पद्धतीने तयार होते आणि आमोण्याचे पिग आयर्नही झोतभट्टीतलेच आहे. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची श्रेणीवार व्याख्या जाहीर केली. हा त्या दिशेने टाकलेला पहिला औपचारिक टप्पा होय.

डिचोलीला अधिक बसलेले शुल्क दिल्लीचे

परदेशांच्या शुल्कांची चर्चा होत असताना एक गोष्ट नजरेआड होते. गोव्याच्या खनिजावर आजवर सर्वांत थेट परिणाम करणारे शुल्क भारत सरकारचे स्वतःचे आहे. देशातील पोलाद कारखान्यांना कच्चा माल पुरेसा व स्वस्त मिळावा, म्हणून खनिजाच्या निर्यातीवर कर लावायचा, हे त्यामागचे सूत्र.

२००७ च्या अर्थसंकल्पात लोहखनिजाच्या निर्यातीवर टनामागे ३०० रुपये शुल्क आले. कमी प्रतीच्या भुकटी खनिजासाठी ते लवकरच ५० रुपयांवर आणले गेले. पुढे ते टक्केवारीत गेले आणि २०११ च्या आरंभी २० टक्के, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर ३० टक्के झाले. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू होऊ लागल्या, तेव्हा जागतिक दर कोसळले होते. त्या दरात ३० टक्के शुल्क भरून कमी प्रतीचे खनिज विकणे परवडणारे नव्हते. राज्य सरकार आणि खाणउद्योग यांच्या मागणीनंतर ५८ टक्क्यांखालील भुकटी खनिजावरील शुल्क १ जून २०१५ पासून १० टक्के झाले आणि २०१६ च्या अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांखालील सर्व लोहखनिज शुल्कमुक्त झाले.

ही सवलत सहा वर्षे टिकली. युक्रेन युद्धानंतर देशात पोलादाचे भाव चढले, तेव्हा २२ मे २०२२ पासून सर्व प्रतींच्या लोहखनिजावर ५० टक्के निर्यातशुल्क लागले. त्याच आदेशात खनिजाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेट्सवर, ४५ टक्के आणि पिग आयर्न व अनेक पोलादी वस्तूंवर १५ टक्के शुल्क आले. गोव्यात तेव्हा खाणी बंद होत्या, तरी आधी काढून ठेवलेले ई-लिलावातील खनिज निर्यात होत होते आणि आमोण्याच्या भट्ट्या चालू होत्या. दोन्हींना हा निर्णय एकाच दिवशी लागू झाला. १९ नोव्हेंबर २०२२ रोजी तो मागे घेण्यात आला. ५८ टक्क्यांखालील खनिज पुन्हा शुल्कमुक्त झाले, त्यावरील खनिजाचे शुल्क ३० टक्क्यांवर परतले.

सहा महिन्यांत शून्यावरून पन्नास आणि पन्नासावरून शून्य, हा प्रवास खाणमालकाला जसा अवघड, तसाच कर्ज काढून ट्रक घेणाऱ्या माणसालाही. बँकेचा हप्ता पाच-सात वर्षांचा असतो, शुल्काची अधिसूचना एका रात्रीत निघते.

लिलावानंतर बदललेले गणित

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाण लीजचे दुसरे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या कायद्याखाली ब्लॉकचे लिलाव झाले. पहिल्या चारांपैकी तीन ब्लॉक डिचोली तालुक्यातील होते. डिचोली ब्लॉक वेदांताकडे, शिरगाव-मये ब्लॉक साळगावकर शिपिंगकडे आणि मोंत द शिरगाव ब्लॉक राजाराम बांदेकर कंपनीकडे गेला. पुढील फेरीत कुडणे आणि सुर्ला-सोनशी या ब्लॉकांसाठी जेएसडब्ल्यू स्टीलची बोली सर्वोच्च ठरली. २०२४ मध्ये डिचोली ब्लॉकमधून खाणकाम पुन्हा सुरू झाले.

येथे एक मूलभूत बदल घडला. पूर्वीचे बहुतेक लीजधारक हे खनिज निर्यातदार होते. आता काही मोठे ब्लॉक लोखंड-पोलाद स्वतः तयार करणाऱ्यांच्या हाती आले आहेत. याचे कारण बोलीच्या आकड्यांत दिसते. डिचोली ब्लॉकसाठी ६३.५५ टक्के अधिमूल्याची बोली लागली. हे अधिमूल्य भारतीय खाण ब्यूरो जाहीर करत असलेल्या सरासरी विक्री दरावर मोजले जाते. त्याखेरीज १५ टक्के रॉयल्टी आणि रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज निधी द्यावा लागतो. सरासरी दर १०० रुपये धरला, तर सुमारे ८० रुपये सरकारी तिजोरीत व निधीत जातात. उरलेल्या २० रुपयांत उत्खनन, वाहतूक आणि नफा बसवायचा. त्यापुढे निर्यातशुल्क आल्यास केवळ खनिज विकणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. स्वतःची भट्टी असलेल्याला मात्र खनिजावर न मिळालेला नफा पिग आयर्नवर वा पोलादावर मिळवता येतो.

म्हणून परदेशी पोलादशुल्काचा डिचोलीशी असलेला संबंध पूर्वीपेक्षा जवळचा झाला आहे. खनिज चीनला जात असे, तेव्हा अमेरिकेचे शुल्क चीनच्या कारखान्यांमार्फत वळसा घेऊन येथे पोहोचत असे. ब्लॉकचा मालकच पोलाद उत्पादक असेल, तर पोलादाचा भाव पडल्यावर उत्खनन किती करायचे, हा निर्णय थेट त्या भावावर होतो. उलट, १२ टक्के सुरक्षा शुल्काने देशी पोलादाचा भाव सावरला, तर त्याचा लाभही याच वाटेने येतो.

पेडणे: खरेदीदाराची बाजू

पेडणे तालुक्याची कहाणी निराळी. येथील लोहखनिजाची गोष्ट बहुतांशी तेरेखोल नदीच्या पलीकडची, सिंधुदुर्गातील रेडीची आहे. तेथे खाण आणि बंदर दोन्ही आहेत. २०१८ चा न्यायालयीन निर्णय गोव्याच्या लीजपुरता होता, त्यामुळे तो रेडीला लागू नव्हता. निर्यातशुल्क मात्र केंद्राचे असल्याने नदीच्या दोन्ही काठांना सारखेच लागते.

अलीकडच्या काठावर तुये औद्योगिक वसाहत आणि तेथील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुल आहे. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमानसेवा सुरू झाल्याने तालुक्यात बांधकामालाही वेग आला. यंत्रांचे सांगाडे, विजेच्या पेट्या, छपरे, दारे-खिडक्या बनवणारा लघुउद्योजक आणि घर बांधणारा ग्राहक हे सर्व पोलादाचे खरेदीदार आहेत. आयात पोलाद १२ टक्क्यांनी महागले की देशी उत्पादकालाही भाव चढा ठेवण्यास वाव मिळतो. ठरावीक किमतीपेक्षा महाग आयातीला हे शुल्क लागत नाही, ही त्यातील मर्यादा. परंतु लघुउद्योग स्वस्त मालाच्याच शोधात असतो. कारखान्याला दिलेले संरक्षण हा त्याच्या खर्चाचा भाग होतो.

निर्यात करणाऱ्या लघुउद्योगासाठी कागदपत्रांचे महत्त्वही वाढले आहे. अमेरिकेला माल पाठवताना त्यात पोलादाचे मूल्य किती आणि ते पोलाद मुळात कोणत्या देशात वितळवून ओतले गेले, हे दाखवावे लागते. युरोपसाठी कार्बन उत्सर्जनाची नोंद लागते. ही माहिती पत्रा पुरवणाऱ्याकडून खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवणे हिताचे, नंतर ती मिळवणे कठीण जाते.

राज्य सरकारच्या हाती काय

राज्यघटनेच्या केंद्र सूचीत नोंद ४१ परदेशी व्यापाराची आणि नोंद ८३ निर्यातशुल्कासह सीमाशुल्काची आहे. गोवा सरकार त्यामुळे या शुल्कांबाबत केवळ मागणी करू शकते. २०१५-१६ मधील सवलत दाखवते की, अशी मागणी ठोस आकडे आणि योग्य वेळ साधून केल्यास फळ मिळते.

राज्याचे स्वतःचे अधिकार मात्र कमी नाहीत. ब्लॉकचे लिलाव केव्हा करायचे, डंपमधील कमी प्रतीच्या खनिजाची हाताळणी कशी करायची, वाहतुकीचे मार्ग आणि उपकर काय असावेत, हे राज्य ठरवते. खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २५ जुलै २०२४ रोजी मान्य केला. खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज निधी आहे. २०१२ च्या बंदीनंतर कर्जसवलत आणि ट्रकमालकांना साहाय्य देणाऱ्या योजना राज्याने राबवल्या होत्या. त्या खाणबंदीसाठी होत्या. बाजारभाव पडल्यामुळे वा शुल्क लागल्यामुळे काम थांबले, तर काय, यासाठी अशी कायमची तरतूद असणे अधिक उपयोगी ठरेल.

खाण चालू राहण्याचा प्रश्न केवळ शुल्काचा नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. शिरगाव, मये, मुळगाव येथील ग्रामस्थांनी लीजक्षेत्रात आलेली घरे, देवस्थाने, शेती आणि पाण्याचे स्रोत यांबद्दल हरकती घेतल्या आहेत. शुल्क घटल्यावर उत्खननाचा वेग वाढतो आणि त्याचा भार याच गावांवर येतो. दराच्या चढउतारात या बाजूचाही हिशेब धरावा लागेल.

महत्त्वाचे टप्पे

• २००७: लोहखनिजावर टनामागे निर्यातशुल्क सुरू
• डिसेंबर २०११: निर्यातशुल्क ३० टक्के
• सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२: गोव्यातील खाणकाम बंद
• फेब्रुवारी २०१६: किमान आयात किंमत, ५८ टक्क्यांखालील खनिज अर्थसंकल्पात शुल्कमुक्त
• मार्च २०१८: अमेरिकेचे पोलादावर २५ टक्के शुल्क, त्याच महिन्यात गोव्यातील ८८ लीजवरील काम थांबले
• १६ जून २०१९: भारताचे प्रत्युत्तर शुल्क लागू
• मे ते नोव्हेंबर २०२२: खनिजावर ५० टक्के, पिग आयर्नवर १५ टक्के निर्यातशुल्क
• जून २०२३: भारत-अमेरिका तडजोड
• २०२४: डिचोली ब्लॉकमध्ये खाणकाम पुन्हा सुरू
• एप्रिल २०२५: भारताचे १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्क
• जून २०२५: अमेरिकेचे शुल्क ५० टक्के
• डिसेंबर २०२५: सुरक्षा शुल्क तीन वर्षांसाठी निश्चित

यापुढे कशावर लक्ष ठेवावे

डिचोली-पेडण्याच्या वाचकासाठी वॉशिंग्टनमधील घोषणेइतक्याच, किंबहुना अधिक महत्त्वाच्या अशा चार बाबी आहेत. पहिली, ५८ टक्क्यांखालील खनिजाची शुल्कमुक्ती टिकते का. देशी पोलाद उद्योगाचा तिच्यावर डोळा नेहमीच असतो. दुसरी, भारतीय खाण ब्यूरोचा मासिक सरासरी विक्री दर, कारण राज्याचे खाण उत्पन्न त्यावर मोजले जाते. तिसरी, सुरक्षा शुल्काचा पत्र्याच्या स्थानिक भावावर होणारा परिणाम. चौथी, आमोण्यासारख्या झोतभट्ट्या कार्बनचा हिशेब कसा देतात. या चारपैकी पहिली तीन सरकारी अधिसूचना वा बाजारभावांत कुणालाही पाहता येतात. खाणीवर अवलंबून असलेल्या ट्रकमालकाने नवे कर्ज काढण्यापूर्वी आणि लघुउद्योजकाने वर्षाचा दर ठरवून देण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.